कांदा, गाल, दही, डबकं: घरच्या मायक्रोस्कोपने पेशी पाहायच्या तर

शाळेच्या पुस्तकात पेशीची आकृती असते. आत केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी संकुल, सगळं रंगीत आणि जागच्या जागी. ती पाठ केलेला माणूस पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावतो तेव्हा त्याला दिसतं एक पिवळट वर्तुळ, दोन-चार जाड काळ्या कड्या आणि स्वतःच्याच पापण्या. मग तो म्हणतो, यंत्र स्वस्तातलं आहे. बहुतेक वेळा यंत्र बिचारं ठीक असतं. प्रकाश जास्त असतो, नमुना जाड असतो, आणि मुख्य म्हणजे शोध चालू असतो पुस्तकातल्या आकृतीचा, जी तिथे कुणालाच दिसणार नसते.

आमच्या सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत हे दाखवता दाखवता जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. घरी मुलांबरोबर करून पाहणारे पालक, शाळेच्या कपाटातला मायक्रोस्कोप बाहेर काढू बघणारे नवे शिक्षक, किंवा दहावीनंतर विज्ञान सुटलेले आणि आता परत कुतूहल जागं झालेले, कुणालाही चालेल. क्रम मात्र मोडू नका. कांद्याची पेशी मोठी असते आणि जागची हलत नाही. दह्यातले जीवाणू तिच्या शंभरपट लहान. थेट दह्याला हात घातलात तर फक्त कंटाळा येईल.

आधी हे जमवा

- मायक्रोस्कोप (कोणता, ते पुढे सांगतो)
- काचेच्या स्लाईड आणि कव्हरस्लिपची (नमुन्यावर झाकायची पातळ काच) एक डबी
- ड्रॉपर, टोकदार चिमटा, नवीन ब्लेड
- टिश्यू पेपर किंवा टीपकागद
- आयोडीन: प्रयोगशाळेचं मिळालं तर उत्तम, नाहीतर औषधाच्या दुकानातलं जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन, पाणी घालून चहाच्या रंगाचं केलेलं
- मिथिलीन ब्ल्यू: शोभेच्या माशांच्या दुकानात बुरशीवरचं औषध म्हणून मिळतं. बोटांचा डाग दोन दिवस राहतो, कपड्यांचा कायमचा.
- मिठाचं पाणी, दोन बाटल्या: एक सौम्य (अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ), एक कडक (१०० मिलिलिटरला ५ ग्रॅम). लेबल लावा, दोन्ही सारखंच दिसतं.
- वही आणि पेन्सिल. फोनने फोटो काढाच, पण चित्र काढताना डोळा जे टिपतो ते फोटो काढताना टिपत नाही.

१. घेताना "किती पट?" हा प्रश्न शेवटी विचारा

खेळण्यांच्या दुकानातल्या खोक्यावर "१२०० पट" असं ठळक छापलेलं असतं आणि आत प्लास्टिकची भिंगं निघतात. प्रतिमा मोठी होते, तपशील मात्र वाढत नाही. धुरकट चित्र आणखी मोठं धुरकट होतं. चांगल्यातल्या चांगल्या साध्या मायक्रोस्कोपलाही साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ही मर्यादा प्रकाशाच्या स्वभावातच आहे, आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी ती १८७३ मध्येच मांडली होती. म्हणून विषाणू दिसतील ही आशा सोडून द्या.

विद्यार्थ्यांसाठीचा धातूचा साधा मायक्रोस्कोप पुरतो: १० पटीची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) आणि ४, १० व ४० पटीची वस्तुभिंगं (नमुन्याजवळची भिंगं). गुणाकार केला की एकूण ४०, १०० आणि ४०० पट. आपल्याकडे मिळणारे असे बरेच मायक्रोस्कोप हरियाणातल्या अंबाल्याचे असतात. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला प्रयोगशाळेचं सामान विकणारी दुकानं आहेत. इतर गावांत शाळा-कॉलेजांना सामान पुरवणाऱ्याला गाठा. १०० पटीचं तेलाचं भिंग (स्लाईड आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरायचं) पहिल्या वर्षी घेऊ नका. पैसे उरत असतील तर ते तयार स्लाईडच्या संचावर घाला.

दुकानात वस्तुभिंगावर कोरलेले आकडे जरूर वाचा. ४० पटीच्या भिंगावर बहुधा ४०/०.६५ आणि त्याखाली १६०/०.१७ असं असतं. भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप म्हणजे ०.६५, किती बारीक तपशील दिसणार ते या आकड्यावर ठरतं. १६० ही नळीची लांबी मिलिमीटरमध्ये. आणि ०.१७ ही चक्क कव्हरस्लिपची जाडी. म्हणजे भिंग बनवणाऱ्याने वर ठेवायची ती काचही हिशेबात धरलेली आहे. डबीतून दोन कव्हरस्लिपा चिकटून आल्या आणि तशाच ठेवल्या, किंवा स्लाईड उलटी लावून जाड काच वर आली, तर ४० पटीच्या भिंगावर चित्र स्वच्छ होणारच नाही, फोकसची चकती कितीही फिरवा. हा घोटाळा इतका नेहमीचा आहे की कुणी "धुरकट दिसतंय" म्हटलं की मी पहिल्यांदा कव्हरस्लिपच तपासतो.

खर्च टाळायचा असेल तर फोल्डस्कोप आहे. स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा घडीचा कागदी मायक्रोस्कोप १४० पट मोठं दाखवतो. कांदा, गाल आणि डबक्याला पुरेसा, दह्याला अपुरा.

२. नमुना ठेवण्याआधी प्रकाश आणि फोकस शिका

खाली आरसा असलेला मायक्रोस्कोप असेल तर एक गोष्ट मुलांकडून वदवून घ्या: आरसा सूर्याकडे कधीही वळवायचा नाही. एकवटलेल्या उन्हाने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खिडकीतलं आकाश किंवा टेबललॅम्प पुरे.

पहिला नमुना म्हणून वर्तमानपत्रातलं एक बारीक अक्षर कापा, समजा "ग". स्लाईडवर थेंबभर पाण्यात ठेवा, वर कव्हरस्लिप. ४ पटीच्या भिंगावर तो "ग" उलटा दिसेल, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. स्लाईड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं. हाताला हे एकदा वळण लागलं की पुढे पळणारे जीव पकडताना फायदा होतो.

फोकसचा नियम एकच. बाजूने बघत भिंग स्लाईडच्या अगदी जवळ आणा, आणि मग डोळा लावून ते *दूर नेत* फोकस करा. डोळा लावून जवळ आणत गेलात तर एक दिवस "कट्" असा आवाज येईल आणि कव्हरस्लिप फुटलेली असेल. भिंगावर चरा पडला तर तो कायमचा. ४ वर फोकस झाला की १० वर जा, मग ४० वर. ४० वर फक्त बारीक चकती फिरवायची, मोठीला हातही लावायचा नाही.

राहिला प्रकाश. पेशी जवळजवळ पारदर्शक असते. झगझगीत उजेडात तिच्या कडा पुसल्या जातात. मंच म्हणजे स्लाईड ठेवायची जागा, त्याखालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप हळूहळू बंद करत जा. एका ठिकाणी कडा अचानक उठून दिसतात. ४ पटीच्या भिंगावर झडप बरीचशी बंद, ४० च्या भिंगावर थोडी उघडी. नवशिक्या माणसाला "काही दिसत नाही" तेव्हा निम्म्या वेळा उत्तर या झडपेत असतं.

३. कांदा: पेशीभित्तिका, केंद्रक आणि एक न दिसणारं पटल

कांदा चार भागांत चिरा आणि आतली एक जाड, मांसल पाकळी घ्या. तिच्या आतल्या, खोलगट बाजूवर ओल्या प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा असतो. पाकळी मोडली की कडेला तो सुटतो. चिमट्याने धरून ओढा. नखाएवढा तुकडा पुरे. स्लाईडवरच्या पाण्याच्या थेंबात तो लगेच सपाट पसरा. हवेत दोन मिनिटं राहिला तर गुंडाळी होते आणि घडीवर घडी बसून सगळं काळं दिसतं.

कव्हरस्लिप वरून टाकू नका. एक कड पाण्याला टेकवून ती तिरकी धरा आणि सुईच्या आधाराने हळूच खाली सोडा. घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात. सुरुवातीला सांगितलेल्या त्या काळ्या कड्या म्हणजे हेच. जाड काळा काठ, आत लख्ख पांढरं, पूर्ण गोल: तो बुडबुडा. पेशी कधीच इतकी ठसठशीत नसते.

आयोडीनचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावा. कागद पाणी शोषतो, रंग आत ओढला जातो. १०० पटीवर लांबट पेशींच्या रांगा दिसतील आणि बहुतेक पेशींत एक पिवळसर तपकिरी ठिपका, तो केंद्रक. तो मध्यभागी असेलच असं नाही. पेशीची मोठी रिक्तिका (पाणीदार रसाने भरलेली पिशवी) मधली सगळी जागा व्यापते आणि केंद्रक भिंतीकडे ढकलला जातो. ४०० पटीवर केंद्रकाच्या आत एक-दोन गडद ठिपके सापडले तर ती केंद्रकी. यापुढे काही शोधू नका. तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल या पद्धतीने दिसत नाहीत. रायबोसोमसाठी तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

"आयोडीन घातलं, निळं का झालं नाही?" हा प्रश्न येतोच. निळं-काळं होतं ते स्टार्च, आणि कांद्याच्या पेशीत स्टार्चचे कण साठलेले नसतात. खात्री करायची असेल तर चिरलेल्या बटाट्यावर ब्लेडने खरवडून तो रस स्लाईडवर घ्या.

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. नाशिककडचा लाल कांदा घ्या आणि या वेळी पाकळीच्या *बाहेरच्या*, जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढा. आयोडीन घालू नका, त्याने पेशी मरतात. साध्या पाण्यात पाहा: प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी, कारण रंग रिक्तिकेत आहे. मग कडक मिठाचं पाणी कडेने आत सोडा, टीपकागदाने ओढून घ्या आणि डोळा हलवू नका. एक-दोन मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटायला लागतो. आधी कोपरे, मग बाजू, शेवटी भिंतीची चौकट जागच्या जागी आणि आत आकसलेला जांभळा गोळा. पेशीतलं पाणी परासरणाने, म्हणजे पटलातून जास्त खारट बाजूकडे, बाहेर गेलं. गोळ्याची ती कड म्हणजे प्रद्रव्यपटल, पेशीला भिंतीच्या आतून वेढणारं पातळ आवरण, जे एरवी भिंतीला चिकटून असल्यामुळे वेगळं दिसतच नाही. लगेच साधं पाणी सोडलं तर बऱ्याच पेशी परत फुगतात. मेलेल्या पेशीत असं होत नाही. भित्तिका आणि पटल यांतला फरक आकृतीला बाण काढून शिकवण्यापेक्षा ही पाच मिनिटं द्या.

४. गाल: आपलीच पेशी, आणि तिच्यावर बसलेले पाहुणे

चूळ भरा. स्वच्छ कापसाच्या काडीने गालाच्या आतल्या बाजूवर हलकेच दोन-तीन वेळा फिरवा. खरवडायचं नाही, रक्त येता कामा नये. काडी स्लाईडवर सौम्य मिठाच्या पाण्याच्या थेंबात फिरवा आणि मिथिलीन ब्ल्यूचा अगदी छोटा थेंब मिसळा. साधं पाणीही चालतं, पण सौम्य मिठाच्या पाण्यात पेशी फुगत नाहीत.

कांद्यानंतर हे दृश्य विस्कळीत वाटतं. रांगा नाहीत, भिंती नाहीत. चपट्या, वेड्यावाकड्या पेशी, काही एकमेकींवर चढलेल्या, काहींच्या कडा दुमडलेल्या, मध्ये गडद निळा केंद्रक. निळे गोळे दिसले तर सुटी पेशी शोधा, गठ्ठ्यात काही कळत नाही. या पेशी अस्तराच्या सगळ्यात वरच्या थरातल्या, आपोआप झडत असणाऱ्या.

४०० पटीवर एखादी पेशी निवांत पाहा. तिच्या अंगावर आणि आजूबाजूला निळे बारीक ठिपके आणि कुठे कुठे काड्या दिसतील. रंगाची रवाळ घाणही असू शकते, पण एकसारख्या आकाराचे, जोडीने किंवा साखळीने बसलेले ठिपके हे बहुधा तोंडातले जीवाणू. स्वतःच मायक्रोस्कोप बनवणारे डच व्यापारी लेव्हेनहुक यांनी १६८३ मध्ये दातांवरचा किटण काढून पाहिला आणि त्यात हलणारे जीव पाहिल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, ते हेच गणगोत. मानवी पेशी आणि जीवाणू एकाच चौकटीत, त्यामुळे आकारातला फरक सांगावा लागत नाही.

तो मोजताही येतो. पारदर्शक पट्टी मंचावर ठेवून ४ पटीच्या भिंगातून वर्तुळाचा व्यास मोजा. समजा ४.५ मिलिमीटर आला. मग १० पटीच्या भिंगावर १.८ आणि ४० च्या भिंगावर ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रोमीटर. त्या वर्तुळात गालाच्या सात-आठ पेशी एका रेषेत मावतील असं वाटलं तर एक पेशी सुमारे ६० मायक्रोमीटर. जीवाणू साधारण १ ते ५ मायक्रोमीटरचे. वहीत प्रत्येक चित्राखाली तारीख, रंग आणि पट लिहा. पट न लिहिलेलं चित्र महिन्याभराने निरुपयोगी होतं.

रक्ताच्या पेशी पाहायची इच्छा होणारच. घरी सुई टोचू नका, मुलांना तर नाहीच. तयार स्लाईडमध्ये रंगवलेलं रक्त मिळतं: केंद्रक नसलेल्या ७-८ मायक्रोमीटरच्या तांबड्या पेशी, आणि अधूनमधून खंडित केंद्रकाची एखादी पांढरी. त्याच संचात स्नायू आणि आतड्याचा छेद असेल तर घ्या.

५. दही आणि यीस्ट

दह्याची साय किंवा कवडी घेऊ नका. चक्का टांगला की फडक्यातून जे पाणी गळतं ते घ्या. त्यात स्निग्धांश कमी असतो. त्याचा थेंब स्लाईडवर पातळ पसरवा, पूर्ण वाळू द्या, मग स्लाईड चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवा (हे मोठ्यांनी करायचं). तळहाताच्या मागच्या बाजूला सोसवेल इतकीच गरम. थंड झाल्यावर मिथिलीन ब्ल्यू एक मिनिट, मग हलक्या धारेने धुऊन टिपून घ्या.

४०० पटीवर निळ्या बारीक काड्या आणि ठिपक्यांच्या साखळ्या दिसतात. इतकंच, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. दोन फसगती इथे नेहमीच्या. वाळवलेल्या नमुन्याऐवजी ओला थेंब पाहिला तर चमकदार गोळे थरथरताना दिसतात आणि "जिवंत जीवाणू!" अशी आरोळी उठते. ते दुधातले स्निग्धकण. पाण्याचे रेणू त्यांना सतत धडकतात म्हणून ते थरथरतात. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागातल्या कणांची हीच हालचाल पाहिली होती. खरा पोहणारा जीव एका दिशेने अंतर कापतो, थरथरणारा कण तिथल्या तिथे राहतो. दुसरी फसगत म्हणजे काडी दिसली की "लॅक्टोबॅसिलस" असं लिहून टाकणं. आकारावरून प्रजाती ओळखता येत नाही, आणि घरच्या विरजणात कोणकोण नांदत असतं ते घरागणिक वेगळं. "काडीच्या आकाराचे जीवाणू" एवढंच लिहा.

यीस्ट त्या मानाने गोड प्रकरण. बेकरीतलं कोरडं यीस्ट कोमट साखरपाण्यात अर्धा तास ठेवा. ४०० पटीवर अंडाकृती पेशी आणि काहींच्या अंगाला फुटलेली छोटी कळी दिसेल. मिथिलीन ब्ल्यू अगदी पातळ करून घातलं तर मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत बिनरंगाच्या राहतात.

६. डबकं: इथे संयम लागतो

कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी, भातखाचर, तळ्याच्या काठचं शेवाळ, काहीही चालेल. वरचं स्वच्छ पाणी नको. तळातला गाळ आणि पानांवरचा बुळबुळीत थर ड्रॉपरने घ्या, तिथेच गर्दी असते. जवळ पाणथळ जागा नसेल तर मूठभर वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढा पाण्यात भिजत घाला आणि चार-पाच दिवस ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते आधी एक दिवस उघडं ठेवा. भांड्यावर पातळ कापड बांधाच. नाहीतर पेशींऐवजी डासांच्या अळ्या पाळाल, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला असंच साठवलेलं पाणी लागतं.

सगळे जण "अमीबा दाखवा" म्हणतात. अमीबा पुस्तकांनी प्रसिद्ध केला. प्रत्यक्षात तो फिका, संथ आणि गाळात लपलेला असतो. त्याच्या मागे लागून सकाळ घालवण्यापेक्षा पॅरामेशियम हे भराभर पोहणारे एकपेशीय जीव पाहा. मोठे असतील तर ०.३ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे एकूण ४० पटीवरही सपकन जाताना दिसतात. देठावर उभे असलेले व्हॉर्टिसेला धक्का बसला की एका क्षणात आकसतात. हिरवी युग्लीना, फिरत्या चाकासारखं तोंड असलेले रोटिफर (हे बहुपेशीय, तरीही काही पॅरामेशियमपेक्षा लहान), हरितलवकाची नागमोडी फीत असलेलं स्पायरोगायरा हे शेवाळ. यातले पोहणारे जीव इतके भराभर चौकटीबाहेर जातात की मुलं वैतागतात. कव्हरस्लिप ठेवण्याआधी थेंबात कापसाचे थोडे तंतू पसरा. तंतूंच्या जाळीत जीव अडकतात आणि निवांत पाहता येतात. इथे रंग घालू नका, बहुतेक मरतात.

७. आवराआवर आणि न करायच्या गोष्टी

थुंकी, संडासाची कडी, खोकल्याचा बेडका यातलं काहीही डब्यात जेली घालून "वाढवून" पाहू नका. नुसतं पाहणं वेगळं आणि घरात अनोळखी जीवाणूंची लाखोंनी पैदास करणं वेगळं. गालाची काडी ज्याची त्याने वापरायची. वापरलेल्या स्लाईड आणि काड्या ब्लीचच्या पाण्यात (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) अर्धा तास बुडवा, मग धुवा. त्या पाण्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. प्रयोगाची भांडी स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवा.

भिंग ओढणीने किंवा रुमालाने पुसू नका. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग भिंगाचाच कागद वापरा. आणि कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनपूर्वी बंदोबस्त करा: दमट हवेत भिंगावर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, आणि काचेचा लेप एकदा खाल्ला गेला की काही करता येत नाही. मूळ थर्माकोलच्या खोक्यात नुसतं ठेवणं पुरत नाही. नेत्रिका आणि वस्तुभिंगं काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, नळीची दोन्ही तोंडं झाकणांनी बंद करा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला डबा उघडून भिंगं उजेडात तिरकी धरून बघा.